केळीचे दहा लाख कोणाचे

सुमित्रा भिरूड यांना रस्त्यात कोणी पत्ता सांगितला, तर पुढच्या वळणावर त्या दुसऱ्याला विचारून खात्री करायच्या. गॅसचं सिलिंडर आलं की आधी काट्यावर चढायचं, मग घरात. शनवारा चौकात भाजी विकणारी सोजरबाई एकदा वैतागून म्हणाली, "बाई, तुम्ही तं देवाले बी पावती मांगसान."

"देवाले नाही मांगत," भिरूड मॅडम वांगं दाबून पाहत म्हणाल्या, "पुजाऱ्याले मांगते."

हा शक त्यांच्या रक्तातला नव्हता, कमाईचा होता. वडील खान्देशातून कागदाच्या कारखान्यात कामाला आले, साधा माणूस, समोरचा बोलेल ते खरं धरणारा. मुलगी बी.कॉम. झाली आणि बुऱ्हाणपुरात टॅक्सचं काम बघणाऱ्या एका वकिलाकडे चौदा वर्षं टायपिंगला बसली. तिथं ती बदलली. त्या ऑफिसात येणारा प्रत्येक इसम कागदावर शेतकरी होता. साडीच्या दुकानदाराच्या टॅक्सच्या विवरणात केळी, लूमवाल्याच्या विवरणात केळी, लग्नाचा मंडप भाड्यानं देणाऱ्याच्याही विवरणात केळी. शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही ना, मग जे पैसे कुठंच बसत नाहीत ते केळीत बसवायचे. कागदावरची ती सगळी केळी खरंच लावली असती तर तापीच्या पात्रातही पाय ठेवायला जागा उरली नसती. सुमित्रा टाइप करायची आणि मनात म्हणायची, लबाड. पुढचा कागद घ्यायची, हाही लबाड.

वकील म्हातारपणी इंदूरला मुलाकडे गेले. ऑफिस बंद पडलं. मग मॅडमनी कुसुमबाईंच्या घराची पुढची पत्र्याची खोली भाड्यानं घेतली आणि बी.कॉम.च्या मुलांना आयकर शिकवायला सुरुवात केली. एकट्या बाईचा सगळा संसार त्या खोलीवर चालायचा. चोवीस सालच्या मे महिन्यात तिथं सतरा पोरं होती. त्यातली आठ जसोंडीकडची, एकाच मॅजिक गाडीतून येणारी. गाडी सुकलाल महाजनांची. ती आठ गेली असती तर खोलीचं भाडंही निघालं नसतं, हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं.

त्यांची शिकवण्याची रीत वेगळी होती. पुस्तकातल्या गणितात एक 'श्री. अ' असायचा. त्याला पगार, घरभाडं, शेअरचा नफा आणि वर घोड्याच्या शर्यतीत जिंकलेले पन्नास हजार. मॅडम म्हणायच्या, "बुऱ्हानपुरात कोणी घोड्यावर पैसे लावतं का रे? टांग्याचे घोडे बी संपले." म्हणून त्या प्रत्येकाला एक वही करायला लावायच्या. घरची वही. आपल्याच घरच्या कमावत्या माणसाचं उत्पन्न घ्यायचं, पगाराचं पगारात, भाड्याचं भाड्यात, धंद्याचं धंद्यात मांडायचं, व्याज कुठं जातं ते पाहायचं, विम्याची आणि प्रॉव्हिडंट फंडाची वजावट काढायची आणि खाली उरेल ते करपात्र उत्पन्न. पोरांना एका वहीत जे कळायचं ते पुस्तकाच्या शंभर पानांत कळत नसे.

तृप्ती महाजन त्यातली हुशार. तिचे वडील जीवन कारखान्यात कामाला, चांगल्या पगारावर. सुकलाल हे त्यांचे थोरले भाऊ, गाडीवाले. मधले उखर्डू. तिघांची घरं एकाच आवारात. तृप्तीनं पगाराची पर्ची घेतली, वजावटी काढल्या, बरोबर सहा लाख आणले. मग घरातला पत्र्याचा डबा उघडला, त्यातल्या मंडीच्या सगळ्या केळीच्या पर्च्या बेरजेला घेतल्या, खत, ठिबक, मजुरी वजा केली आणि लिहिलं: शेती उत्पन्न, जीवन महाजन, दहा लाख. त्याखाली जमिनीच्या पावतीवरून क्षेत्र लिहिलं: दोन एकर.

मॅडमनी ती वही तपासली आणि चौदा वर्षांची सवय उसळून वर आली. लाल पेनानं त्यांनी लिहिलं, 'दोन एकरात दहा लाख? हे पैसे कुठले? खरं लिहा.'

हे शनिवारी झालं. सोमवारी मॅजिक आली नाही. मंगळवारीही नाही, आणि जैनाबाद गावची दोन पोरंही गायब. परीक्षेला तीन आठवडे. कुसुमबाई दारात येऊन उभी राहिली. घरमालकीण असली तरी तिला बातमी आधी आणि भाडं नंतर लागायचं.

"काय व सुमित्रा, लोक काय म्हनून राहिले ऐकलं का? तू इन्कमटॅक्सवाल्यांची मानूस हाये म्हने. पोरांकून घरचं काढून घेते अन् वर पोचवते."

"कोन म्हने?"

"आता नाव कायले सांगू? तू जाऊन जबाब घेशीन."

मॅडमना त्या क्षणी कुसुमबाईचाही संशय आला. हिनंच तर नाही पसरवलं? खोली रिकामी करून हवी असेल. उन्हाळ्यात लग्नाच्या वऱ्हाडाला खोली दिली तर दुप्पट भाडं येतं. त्यांनी त्या दिवशी कुलूप बदललं.

बुधवारी दुपारी चार वाजता, रस्ता अजून तापलेला असताना, सुकलाल महाजन आले. मागं जीवन. त्यांच्या मागं तृप्ती, ओढणीनं तोंड बांधलेलं, डोळे रडून सुजलेले. सुकलालनी हातातली वही टेबलावर टाकली. खोलीत उरलेल्या सात पोरांनी वह्या मिटल्या. मॅडमनी त्यांना बाहेर ओट्यावर घालवलं. पोरं ओट्यावर गेली आणि खिडकीला चिकटली.

"पहिले हे सांगा मॅडम," सुकलाल उभ्या उभ्याच म्हणाले, "तुम्ही कोनाच्या मानूस हाये?"

"म्हंजे?"

"इन्कमटॅक्सवाल्यांच्या ना?"

"सुकलालभाऊ, त्यांनी मले पगार देला असता तं या पत्र्याखाली मी अशी भाजत बसली असती का? एक कूलर तरी घेतला असता."

खिडकीबाहेर कोणीतरी फिसकन हसलं. सुकलाल हसले नाहीत. त्यांनी वही उघडली आणि लाल अक्षरांवर बोट ठेवलं. "आमच्या सूनबाईनं, दीपालीनं, हे सगळ्यांसमोर वाचून दाखोलं. केळीचे दहा लाख, नाव जीवन महाजन. मले एक समजून सांगा. चार एकर मह्यी, चार एकर उखर्डूची, दोन याची. मंग दहाच्या दहा लाख याच्या नावावर कसे? अन् तुम्ही बी लिहिलं, खरं लिहा म्हनून. म्हंजे तुमाले मालूम हाये का हा कायतरी करून राहिला ते."

"दादा, मी काय करीन?" जीवन पहिल्यांदा बोलले. आवाज बारीक. "तीन दिवसांपासून तेच सांगून राहिलो."

"तू गप्प. वाटनीत तूच म्हनला होता ना, मले दोनच द्या, मले नोकरी हाये. आता पस्तावून राहिला असशीन. कागदावर सगळी केळी आपली दाखोसीन अन् उद्या कोर्टात जासीन."

जीवननी मान खाली घातली. मॅडमची नजर त्यांच्यावर खिळली होती. त्यांनाही त्या माणसाचाच शक येत होता, पण वेगळा. दोन एकराला दहा लाख म्हणजे आठ लाख कुठून तरी आलेले. व्याजानं दिले असतील, प्लॉटची दलाली असेल, आणि बसवले असतील केळीत. अशा माणसाची मान जशी खाली असते तशीच याची होती.

"जीवनभाऊ, पर्च्या आनल्या का?"

तृप्तीनं पिशवीतून डबा काढला. मॅडमनी एकेक पर्ची उजेडात धरली. तारीख, गाडीचा नंबर, वजन, भाव. सगळ्यांवर एकच नाव, जीवन महाजन. त्या खोटी पर्ची शोधत होत्या. खोटी पर्ची त्यांना वासानं कळायची: एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेली. ह्या तशा नव्हत्या. घडी पडलेल्या, केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेल्या, वेगवेगळ्या हाताच्या. माल खराच कापला गेला होता. वजनं मात्र एका माणसाच्या बागेची नव्हती. एकाच दिवशी तीन-तीन गाड्या.

"हा एका दिवसाचा माल दोन एकरातून निघतच नाही," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. मग मान वर केली. "सुकलालभाऊ, तुमची केळी मंडीत कोनाच्या नावानं जाते?"

"कोनाच्या म्हंजे? याच्याच."

"अन् उखर्डूभाऊंची?"

"तिघांची याच्याच नावानं. बाप होता तवापासून. पह्यले बँकेचं खातं याचंच होतं, कारखान्याचं. व्यापारी बी नोकरीवाल्याले चकवत नाही. पैसे याच्या खात्यात येते, हा काढते अन् आमाले आमचे देते."

"लिहून?"

"घरात कोन लिहून देते मॅडम?"

सुकलालच्या तोंडातून सगळं निघालं होतं आणि त्यांना अजून ते ऐकू आलं नव्हतं. जीवन मात्र वहीकडे बघत राहिले.

मॅडमनी लाल पेन उचललं आणि स्वतःच्या ओळीवर काट मारली. "हे मी लिहिलं ते चुकलं. मले वाटलं, जीवनभाऊ लपवून राहिले. ते कायबी लपवून नाही राहिले. पोरीनं डब्यातल्या सगळ्या पर्च्या बापाच्या धरल्या, कारन नाव बापाचं. चूक तिची बी नाही."

खिडकीतली पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मॅडमचं चुकलं, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"मंग आमचं काय?" सुकलाल अजून उभेच होते.

"बसा. तृप्ती, लिही."

आणि तिथंच क्लास झाला. चार लाख सुकलाल, चार लाख उखर्डू, दोन लाख जीवन. ज्याची जमीन त्याचं उत्पन्न. मग मॅडम जीवनकडे वळल्या. शेतीला टॅक्स नाही हे खरं, पण पगाराला किती दरानं टॅक्स लावायचा हे ठरवताना सरकार शेतीकडेही बघतं. पगार आणि शेती एकत्र करून टॅक्स काढायचा. मग नुसत्या शेतीच्या उत्पन्नात अडीच लाखांची करमुक्त मर्यादा जोडून त्याच्यावर टॅक्स काढायचा. पहिल्यातून दुसरा वजा. तृप्तीनं पेन चालवलं. दहा लाख शेती धरली तर एक लाख पाच हजार. दोन लाख धरली तर साडेबासष्ट हजार. सेस वेगळा.

"पाह्य दादा," जीवन हळूच म्हणाले, "तुमच्या केळीपायी कागदावर मह्यावर साडेबेचाळीस हजार जास्तीचे चढले होते. अन् तुम्ही म्हनता मी लुटतो."

सुकलालनी आकड्यावर बोट ठेवून तो दोनदा वाचला. मग खुर्ची ओढून बसले. "हे तं उलटंच झालं," ते म्हणाले.

पण जीवन काही मोकळे झाले नव्हते. "मॅडम, मी आजपावतर साडेबत्तीसच भरत होतो. शेती दाखोतच नव्हतो. टॅक्स नाही म्हनून."

"मंग तीस हजार कमी भरत होते. दर सालचं पाहावं लागीन. मागचं बी."

"पाहा! पाहा!" सुकलाल पुन्हा उठले. "म्हनलं होतं ना, इन्कमटॅक्सवालीच हाये! याच्याकून तीस हजार काढून घेतले!"

"मी नाही घेत, भाऊ. मी फक्त महिन्याचे सहाशे घेते, अन् तुमच्या घरच्या पोरीचे दोन महिन्याचे राहिले हाये."

ओट्यावरची पोरं आता उघड हसली. सुकलालही, नको असताना, मिशीत हसले. तरी जाताना बजावून गेले: वहीत नाव नको. घरचे आकडे चालतील, पण नाव घालायचं नाही, आणि वह्या मॅडमकडे राहायच्या नाहीत, पोरांनी घरी न्यायच्या. मॅडमनी मान्य केलं. आकडे खरे हवेत, एवढंच म्हणाल्या. दारातून त्यांनी पाहिलं, दोघं भाऊ मॅजिकजवळ उभे राहून बराच वेळ बोलत होते. काय, ते ऐकू आलं नाही. मॅडमना वाटलं, आपल्याबद्दलच.

गुरुवारी गाडी आली नाही. शुक्रवारीही नाही. मॅडमनी कुसुमबाईला एक तारखेचं भाडं दोन हप्त्यांत चालेल का, म्हणून विचारून ठेवलं. कुसुमबाई म्हणाली, चालेल. एवढ्या लवकर कशी म्हणाली, याचाही त्यांना विचार पडला.

शनिवारी सव्वाचारला मॅजिकचा हॉर्न वाजला. आठच्या आठ उतरले. सुकलाल गाडीतच बसून राहिले, आत आले नाहीत, पण काचेतून मान हलवली. तृप्ती पहिल्या बाकावर बसली. मॅडमनी तिच्याकडे रोखून पाहिलं.

"दोन दिवस कुठं होते सगळे?"

तृप्ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. "मॅडम, पप्पा शहरातल्या दुसऱ्या टॅक्सवाल्याकडे गेले होते. तुमचं बराबर हाये का नाही ते विचारायले. मोठे पप्पा बोले, तो काय सांगते ते ऐकू अन् मंगच गाडी काढू."

"मंग?"

"त्यानं बी साडेबासष्टच काढले. अन् पाचशे रुपये घेतले." तिनं पेनाचं टोपण काढलं. "पप्पा बोले, हे मॅडमला सांगू नको."

"मंग सांगितलं कायले?"

"तुम्ही विचारूनच काढसान ना," तृप्ती म्हणाली आणि वही उघडली.