ड्रायव्हरचा मान

आमच्या भागात वऱ्हाड घेऊन आलेल्या ड्रायव्हरला मान असतो. नवरीकडची माणसं त्याला मांडवात बोलावतात, गंध लावून टोपी, टॉवेल आणि नारळ देतात. हा झाला चारचौघांतला मान. उरलेला मान मांडवामागे, गाडीच्या आडोशाला मिळतो. तो बाटलीत असतो आणि त्याचा आग्रह जास्त असतो. परतीच्या वाटेवर नवरी त्याच ड्रायव्हरच्या गाडीत बसणार आहे, हे तेव्हा कुणाच्या मनात येत नाही.

माझे वडील या मानापायीच दारूला लागले. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, गावही आप्पाच म्हणतं. राहुरीजवळच्या आमच्या गावात ते जीप चालवायचे. सुरुवातीला लग्न असेल त्या दिवशी प्यायचे, पुढे लग्न नसलं तरी प्यायला लागले. शेवटी एका सकाळी भाजीच्या क्रेटांसकट जीप कालव्याच्या भरावावरून खाली गेली. कुणी दगावलं नाही, एवढंच. मग आईने आणि मी त्यांना नगरच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. ते तिथे असताना मी पदवीची शेवटची परीक्षा दिली. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. त्या दिवसांत घरात जी शांतता होती, तिचे माझ्यावर फार उपकार आहेत.

आप्पा बरे होऊन आले, पण त्यांना गाडी कुणी देईना. दुसऱ्यांच्या शेतावर ते खुरपायला जात. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं लग्न घाटावरच्या राजूरकडे ठरलं. वऱ्हाडासाठी दोन जीप सांगितल्या होत्या आणि ऐनवेळी एका जीपचा ड्रायव्हर आजारी पडला. नवरदेवाचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणतात, आमच्या दारात आले. आप्पा समोर बसलेले असताना त्यांनी विचारलं आईला.

"वहिनी, द्यावी का गाडी?"

"त्यास्नीच इचारा की. बसलेत पुढ्यात."

आप्पा म्हणाले, "येतो, नाना. पन ह्या दोघी माझ्याच गाडीत बसतील."

"राखनीला व्हय?" नाना हसले.

"न्हाई. मागं कोन बसलंय, ते ध्यानात ऱ्हातं."

लग्न दुपारचं होतं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि दोन्ही ड्रायव्हरांना मांडवात बोलावणं आलं. मान द्यायला नवरीचे मामा होते. आडव्या बांध्याचा, गुलाबी फेट्याचा, मोठ्या आवाजाचा माणूस. टोपी-टॉवेल झाल्यावर त्यांनी मांडवामागे चलायची खूण केली. दुसऱ्या जीपचा ड्रायव्हर, तिशीतला आमच्याच गावचा, लगेच उठला. आप्पा बसून राहिले.

"पाव्हनं, उठा की. तुमचं मागं ठिवलंय."

"नको मामा. मला हितंच चहा सांगा."

"चहा? वऱ्हाडाच्या डायवरला मामानं चहावर काढलं, असं म्हनतील लोक! शोभतं का मला?"

"बायको आलीया ना संगं!" मागून कुणीतरी म्हणालं आणि खुर्च्यांवरची माणसं हसली.

मी आप्पांकडे बघत होते. पोट बिघडलंय, गोळ्या चालू आहेत, असं काही सांगून सुटता आलं असतं. लोक तसंच सांगतात.

आप्पा म्हणाले, "मामा, मी पिनारा मानूस हाय. एक घोट घेतला की बाटली सपल्याबिगर उठत न्हाई. म्हनून तो एक घोटच घेत न्हाई."

मामांनी फेटा सारखा केला आणि हाक दिली, "आरं, चहा आना इकडं! आलं घालून!"

खरी अडचण निघायच्या वेळी आली. नवरी दुसऱ्या जीपमध्ये बसली होती. आयाबाया तिला कवटाळून रडत होत्या. दिवेलागणीच्या आत ती घरात आली पाहिजे, म्हणून नानांची घाई चालली होती. तो ड्रायव्हर मांडवामागून आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि चावी काही केल्या जागेवर बसत नव्हती. आप्पांनी खिडकीतून हात घातला, चावी काढून घेतली आणि आपल्या खिशात टाकली.

"ओ आप्पा, द्या चावी! दोन पेग तर झाल्यात. तुमी तर बाटली मारून हाच घाट उतारलाय."

"मी न्हाई उतारलो, बाबा. माझ्या नशिबानं उतारलं. तुझ्या नशिबाचं मला म्हाईत न्हाई."

नाना मधे पडले. "आप्पा, पाव्हन्यांच्या दारात तमाशा नको. हळू चालवंल तो."

"हळू चालवतो, असं मीबी म्हनायचो, नाना."

नानांचा पारा चढला. "तुला गाडी दिली हीच चूक झाली. चावी दे. न्हाईतर परत गल्लीतलं कुनी तुला गाडीला हात लावू देनार न्हाई."

ही एकच संधी आप्पांना मिळाली होती आणि ती आमच्या डोळ्यांदेखत जात होती. आप्पांचा चेहरा पडला, पण खिशावरचा हात त्यांनी काढला नाही.

तेवढ्यात मामाच पुढे झाले. "माझी भाची चहावाल्याच्या गाडीत बसवा," ते म्हणाले. "आन् ही दुसरी गाडी न्यायला मी मानूस देतो."

मांडवात गाडी चालवता येणारे पुष्कळ होते. मामांनी एकेकाला हाक मारली. जो तो पायाकडे बघायला लागला. मान सगळ्यांनाच पोचला होता.

"तुमीच पाजलंय, मामा," त्यातला एक म्हणाला. यावर मात्र नवरीसुद्धा रडता रडता हसली.

आप्पांनी तोड काढली. निम्मं वऱ्हाड आधी घाटाखालच्या अकोले गावच्या स्टँडवर सोडायचं, ते एस.टी.ने पुढे जाईल. मग परत येऊन नवरी-नवरदेवाला न्यायचं. नाना तोंड वळवून पहिल्या खेपेला बसले.

आई आणि मी मागे थांबलो. अकोल्याहून आप्पा एकटे, रिकामी गाडी घेऊन घाट चढणार होते. रस्त्याला दारूची दुकानं होती, नानांचं बोलणं त्यांच्या मनात ताजं होतं, आणि सोबत कुणी नव्हतं. आई बुंदी चिवडत रस्त्याकडे बघत होती.

जीप आली तेव्हा आई पाण्याचा तांब्या घेऊन खिडकीशी गेली आणि तांब्या द्यायच्या आधी त्यांच्या तोंडाशी वाकली. इतक्या वर्षांची तिची सवय. आप्पांनी डॉक्टरपुढे करतात तसा मोठा 'आ' केला.

"घे, बघ नीट."

"बघितलं. प्या पानी," आई म्हणाली, आणि दोघंही हसायला लागले.

तो ड्रायव्हर आप्पांशेजारी पेंगत बसला होता. घाट उतरताना त्याला जाग आली. बाहेर बघत त्याने हळूच विचारलं, "आप्पा, तुमाला आठवन येत न्हाई का वो तिची?"

"येती की. मघाशी एकटा हुतो तवा लई आली."

"मग?"

"मग गियर बदालला. तुमी समदे वर वाट बघत हुता."

आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण कधीच होऊन गेली होती. बायकांनी नवरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला आत घेतलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच नानांचा निरोप आला: राजूरला राहिलेली जीप आप्पांनी घेऊन यावी, आणि आता शनिवारी नानांच्या पुतणीच्या साखरपुड्यालाही त्यांनीच गाडी काढावी. त्या ड्रायव्हरला बरोबर घेऊन आप्पा पहिल्या एस.टी.ने गेले.

दुपारी त्याची बायको आमच्याकडे आली. आधी उन्हाबद्दल बोलली, मग लोणच्याबद्दल. उठता उठता उंबऱ्यात थबकली.

"वहिनी, ते नगरचं केंद्र कुठंशी हाय? ह्यांनीच सांगितलंय, इचारून ये म्हनून."

आईने तिला हाताला धरून परत आत बसवलं.