बदकांचं अभ्यंगस्नान

बंगळूरला यायचं नाही, हे मी सांगलीतच जाहीर केलं होतं. ऐकतंय कोण! बाबांना सरकारी कारखान्यात नोकरी लागली, सामान बांधलं गेलं आणि सामानाबरोबर मीही. चामराजपेटेत एका बैठ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही बिऱ्हाड मांडलं. त्या दिवशी मी तोंड जे फुगवलं, ते दोन महिने तसंच. शाळेत कन्नड कळेना, गल्लीत कुणाशी पटेना. "मला सांगलीला मामाकडे पाठवा," हे मी सकाळ, दुपार, संध्याकाळ न चुकता म्हणायची. तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि हट्टी तर इतकी, की आई म्हणायची, हिला देवानं मान दिलीय पण ती वळायची सोय ठेवलेली नाही.

पुढच्या भागात घराच्या मालकीणबाई राहायच्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. एकट्या, पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या आणि सोवळ्याच्या भारी कडक. सकाळी न्हाऊन, सोवळ्याचं लुगडं नेसून त्या पूजेला निघाल्या की आम्ही अंगणात भिंतीला पाठ लावून उभ्या. चुकून स्पर्श झालाच तर त्यांना पुन्हा आंघोळ, आणि त्यानंतर त्या कन्नडात जे काही बोलत ते मलासुद्धा कळे.

एके दिवशी बाबा कारखान्यातून आले ते फळांची करंडी छातीशी धरून. आत गवतावर बदकाची तीन पिल्लं, पिवळीधमक, चार-पाच दिवसांची. त्यांच्या एका साहेबांची बदली झाली होती. साहेबांच्या बंगल्यात कोंबडीखाली अंडी ठेवून ही पिल्लं काढलेली.

"अहो, हे काय आणलंत?" आईनं कपाळाला हात लावला.

बाबा सरळ माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "हे बघा ठमाकाकू, ही तिन्ही मोठी करून दाखवायची. चांगली पांढरी पिसं फुटू देत. तिन्ही जगली, तर मी स्वतः तुला मामाकडे सोडून येतो. तिथंच राहा, तिथंच शीक. पण एक जरी दगावलं, तर पुन्हा सांगलीचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल!" मी म्हणाले. मनात म्हटलं, त्यात काय मोठंसं!

डोंबलाचं सोपं! बदकाची पिल्लं दिसायला गोजिरवाणी, पण राहणी म्हणाल तर राम राम. भिजवलेला तांदूळ आणि नाचणीचं पीठ घालावं, तर प्रत्येक घासाला चोच पाण्यात बुडवायची, मग ते पाणी सगळीकडे उडवायचं, मग त्याच चिखलात फतकल मारायची. दिवसातून चार वेळा करंडीतलं गवत बदलायचं, अंगण धुवायचं. एवढं करून मी दोन पावलं चालले की तिन्ही लुटुलुटु मागे. मी संडासात गेले तरी दाराबाहेर आरडाओरडा. त्यातलं सगळ्यात लहान होतं ते तर माझ्या पावलावर चढून झोपायचं आणि पाय आखडला तरी मी तो हलवायची नाही. गल्लीतली पोरं गांडुळं घेऊन बघायला येऊ लागली. "स्वल्प कोडु," असं थोडंथोडं द्यायला मी त्यांना दरडावून सांगायची. पण लक्ष सगळं सांगलीकडे. रोज सकाळी पिसं आली का ते बघायची.

अक्कांनी एकच अट घातली होती. पूजेच्या बाजूला एक पाऊल जरी उमटलं, तर करंडी रस्त्यावर.

मग दसऱ्याची सुट्टी लागली. पिल्लांना मी अजून पोहायला सोडलं नव्हतं. एकदा घमेल्यात ठेवून पाहिलं, तर ती चिंब भिजून कुडकुडत बाहेर आली. बदक आणि भिजतं? मी बाबांना विचारलं. ते पेपर वाचता वाचता म्हणाले, "बदकाच्या पिसांना तेल असतं, म्हणून पाणी ठरत नाही." एवढंच सांगितलं. ते तेल आईच्या अंगाखाली राहून पिल्लांना लागतं, आणि कोंबडीच्या पोटाखाली वाढलेल्यांना ते मिळत नाही, हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं?

शनिवार होता. अक्कांकडे शनिवार म्हणजे तेल लावून न्हाण्याचा दिवस आणि आमच्याकडेही आईनं तो उचललेला. माझी टाळू सकाळीच तेलानं थबथबलेली. एकदम डोक्यात आलं, अरेच्चा, यांना तेल नाही, तर लावू या की! दिवाळीला मला आई लावते तसं साग्रसंगीत लावलं. खोबरेल कोमट केलं, एकेकाला मांडीवर घेतलं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत चांगलं चोळलं. पिल्लंही शहाण्यासारखी बसली. मग तिघांना उचलून धुण्याच्या हौदात सोडलं.

क्षणभर तरंगली. मग सगळी लव अंगाला चप्प चिकटली आणि ती मानेपर्यंत खाली गेली. मी हौदात हात घातला तोवर दोन पिल्लं पाय मारत होती, आणि लहानगं नुसतंच पडून होतं.

मी अशी किंचाळले की आई पोळपाटावरून उठून धावत आली. पुढच्या दारातून अक्का आल्या, सोवळ्यात, हातात फुलांची परडी. माझ्या हातातले ते तीन तेलकट गोळे त्यांनी पाहिले, नाक जवळ नेलं.

"अय्यो! एण्णे हाकिद्या?" तेल लावलंस?

मी मान हलवली. आता बसणार थप्पड, असं वाटलं. अक्कांनी परडी खाली ठेवली आणि सरळ हात पुढे केले. त्या सोवळ्याच्या हातांनी तिन्ही पिल्लं घेतली, न्हाणीघरात नेली, हंड्यातलं कोमट पाणी काढलं आणि डाळीचं पीठ लावून तेल उतरवायला बसल्या. तोंडानं मला शिव्या चालूच. पुसायला काही हाताशी नव्हतं, तर लुगड्याचा पदर घेतला.

बाबा तेव्हा कारखान्याच्या कपड्यांत, डबा हातात घेऊन दारात उभे होते. कोपऱ्यावर कारखान्याची बस आली होती. तिचा हॉर्न वाजला. आमचे बाबा म्हणजे ताप असला तरी बस न चुकवणारे. त्यांनी डबा खाली ठेवला, शेगडी पेटवली आणि आपला लोकरी मफलर निखाऱ्यांवर धरून ऊन केला. दोन पिल्लं त्या उबेनं लगेच चिवचिवायला लागली. तिसऱ्याची मान लटकत होती.

दुसरा हॉर्न वाजला. मग तिसरा. "अहो, बस," आई म्हणाली.

"जाऊ दे," बाबा म्हणाले. लहानग्याला मफलरात धरून ते शेगडीपाशी मांडी घालून बसले, एका हातानं पुठ्ठ्यानं वारा घालत. अक्का मधूनमधून ऊन पाणी त्याच्या चोचीला लावत होत्या. मी ओक्साबोक्शी रडत होते. दुपारचे बारा वाजून गेले, अक्कांची पूजा तशीच राहिली, कुणी जेवलं नाही. आणि मग मफलरातून एक चिडका, चिरका आवाज आला. बाबांच्या शर्टावर त्यानं पहिलं काम केलं ते घाण करण्याचं. बाबा इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

डिसेंबरात तिन्ही पांढरीशुभ्र झाली. अंगणात अशी मिरवत, जणू घरमालक तीच. अक्का त्यांना हाका मारून भात घालायच्या आणि पूजेच्या बाजूला पाय पडला तरी तिकडे बघायच्या नाहीत.

एका रविवारी बाबा अंगणात सायकल पुसत होते. पुसून झालेलं चाकच पुन्हा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "जिंकलीस बाई तू. कधी निघायचं सांग, रजा टाकतो."

मी उड्या मारायला हव्या होत्या. पण मला एकदम तो शनिवार आठवला. ते लहानगं मेलं असतं, तर मी कायमची इथंच राहिले असते. बाबांना दुसरं काय हवं होतं? त्यासाठी त्यांना काही करायचंसुद्धा नव्हतं. नुसती बस पकडायची होती.

लहानगं, आता चांगलं गलेलठ्ठ झालेलं, माझ्या पावलावर येऊन बसलं. मी पाय हलवला नाही.

"आत्ता शाळा बुडेल," मी म्हणाले. "परीक्षा झाल्यावर बघू."

"बरं," बाबा म्हणाले आणि ते चाक तिसऱ्यांदा पुसायला लागले.

त्या परीक्षेनंतर दुसरी आली, मग तिसरी, मग मॅट्रिकची. बाबांनी काही पुन्हा विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही.