उघड्या डोळ्यांची प्रार्थना

"कान धर, म्हातारे. आणि म्हण, परत असलं करणार न्हाय."

हे त्यानं माझ्या आईला सांगितलं. आमच्याच खोलीत, रविवारी, भर दिवसा.

आम्ही चार घरची माणसं सतरंजीवर प्रार्थनेला बसलो होतो. डोळे मिटून. आईनं लहानपणापासून तेच शिकवलेलं. त्यामुळे दाराला लाथ बसली तेव्हा आधी नुसता आवाज आला. डोळे उघडले तर खोलीभर पाय. बूट, चपला, सगळं सतरंजीवर.

मी मान वर केली नाही. भीतीनं. भ्यालेल्या माणसाला समोरच्याचं तोंड दिसत नाही, पायच दिसतात. आमच्या वस्तीनं पिढ्यान् पिढ्या पायच बघितले. त्या वस्तीतली पहिली पदवीधर मी. बी.कॉम., फर्स्ट क्लास. पदवी फ्रेम करून भिंतीवर लावलेली, आणि तिच्याखाली मी मान घालून बसलेली.

"किती पोती तांदूळ मिळाला गं धर्म बदलायला?" कुणीतरी विचारलं. बाकीचे हसले.

"ही शिकल्याली हाय म्हणं. हिलाच इचारा की."

उत्तर होतं माझ्याकडे. माझ्या आजीला गावात कुणी नावानं हाक मारत नव्हतं. देवळात मारली, ख्रिस्ताच्या. म्हणून ती तिकडं गेली. तांदळासाठी नव्हे. पण मी सतरंजीची कड धरून बसले.

आईचे हात कानांकडे निघाले. हेच हात रोज सकाळी एका बंगल्यात, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला आंघोळ घालतात. तिला सगळे आक्का म्हणतात. आणि कान धरायला सांगणारा आवाज मी आता ओळखला. आक्कांचा धाकटा मुलगा, दिग्विजय. बंगल्यात तो आईला मावशी म्हणतो.

मला आई सांगते ती आंधळ्याची गोष्ट आठवली. येशूनं पहिल्यांदा हात लावला तेव्हा त्याला माणसं झाडांसारखी दिसली, चालणारी झाडं. येशूनं परत हात लावला, तेव्हा कुठं माणसं दिसली. मी मनात म्हटलं, प्रभू, मलाही परत हात लाव. मला नुसते पाय दिसतायत.

मग मान वर केली.

दिग्विजय मोबाईलवर आईचं शूटिंग करत होता. मोबाईलमागचा तो चेहरा मी आधी पाहिला होता. एकदा आईचा डबा द्यायला बंगल्यावर गेले होते. आत आई आक्कांची पाठ चोळत होती आणि हा उंबऱ्यावर उभा. स्वतःच्या आईकडे बघायचं धाडस नसलेला. आताही तसाच दिसत होता. घामानं डबडबलेला, सारखा मागच्या पोरांकडे बघणारा.

दया आली असं म्हणणार नाही. पण तो मला माणूस दिसला. आणि एका माणसापुढं दुसऱ्यानं कान का धरायचे, ते मला कळेना.

मी आईचे दोन्ही हात धरून खाली ओढले.

"धरणार न्हाय." माझा आवाज फाटला. "दिग्विजयदादा, आईनं काय चोरी केलीया? तुमीच सांगा."

मग तो ओरडला, "उद्यापासनं बंगल्यात पाय ठेवायचा न्हाय!"

आई त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरीच काळजी होती.

"मग आक्कास्नी आंघोळ कोण घालणार ओ, धाकलं मालक? त्यास्नी कडक पानी सोसत न्हाय."

त्यानं मोबाईल खाली केला. तेवढंच. माफी नाही, काही नाही. जाताना मागचा एकजण म्हणाला, "फुडच्या रविवारी येतोय परत. बघू कोण बसतंय."

आईचं काम गेलं. घरमालकानं खोली सोडायला सांगितलंय. रस्त्यात कुणी मोबाईल वर धरला तरी मी गल्ली बदलते.

उद्या रविवार. भीती गेलेली नाही. दार लावून, हळू आवाजात उरकू या, असं सगळ्यांचं म्हणणं. आई म्हणते, "डोळं मिट आन् देवावर टाक की."

टाकलंय. पण डोळे मिटणार नाही. सतरंजी मी घालणार, दार उघडं ठेवणार, दाराकडं तोंड करून बसणार. जो आत येईल त्याच्या पायांकडं नाही, तोंडाकडं बघणार. ओळखीचा असला तर नावानं हाक मारणार. नसला तर नाव विचारणार.

कान धरणार नाही.