दाजींचा निळा ड्रम

आमच्या घरात जावई चूक करत नाही. केलीच, तर ती सगळ्यांनी मिळून झाकायची आणि वर त्याला पान वाढायचं. मी घरातली पहिली पदवीधर, तीही रसायनशास्त्रातली. पण जावई दारात आला की माझी पदवी भिंतीवरच्या फोटोइतकीच बोलते.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, माळेगावला असतात. गेल्या हिवाळ्यात ताईला आणि पोरांना घेऊन सणसरला आमच्याकडं आले ते बेत ठरवूनच. उजनी धरणाच्या फुगवट्यावर मासे धरायला जायचं. वार निघाला शनिवार, मारुतीचा. त्या दिवशी आमच्याकडं वशाट शिजत नाही. दाजींनी तोड काढली: शनिवारी धरायचं, जिवंत ठेवायचं, रविवारी खायचं. तात्यांनी, माझ्या वडिलांनी, अशी मान डोलावली की जणू पाव्हण्यांनी धरणच बांधलंय.

मासे ठेवायला दाजींनी शेडमधला निळा ड्रम पिकअपमध्ये टाकला.

"त्यात तणनाशक कालवतो आपण," मी म्हणाले. "उसात मारायचं."

"धुतलाय की दोनदा. तुमचं कॉलेज हितं नका काढू, मेहुणीबाई."

"पाव्हणं म्हणत्यात तर आसंल धुतलेला," तात्या म्हणाले.

दिवसभर काठावर बसून राहिलो. मासा लागेपर्यंत दाजी मासे धरण्यावर बोलत होते, लागल्यावर त्या माशावर. आई कणकेच्या गोळ्या करून त्यांच्या गळाला लावून देत होती. ताई त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी. हात दुखला की हात बदलायची. त्यांना बारा-तेरा मासे मिळाले, ते ड्रममध्ये गेले. मला चारच मिळाले, तळहाताएवढ्या चिलापी.

"मेहुणीबाईंची पिल्लं बादलीत ऱ्हाऊ द्या," दाजी म्हणाले. सगळे हसले. आईसुद्धा.

घरी आल्यावर मी ड्रममध्ये वाकून वास घेतला. तो होताच. पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर ताईनं डोळे वटारले.

रविवारी सकाळी ड्रममधले सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. बादलीतले चार मजेत फिरत होते.

"गुदमरलं," दाजी म्हणाले. "ऑक्सिजन कमी पडला."

"मग बादलीतले कसे जगले? बादली तर केवढीशी हाय."

उत्तर तात्यांनी दिलं. "चांगलं धुऊन घ्या. हळद लावली की काय ऱ्हात न्हाय."

याच माणसानं आयुष्यभर तोंडाला फडकं बांधून फवारणी केली. फवारलेल्या बांधावर म्हैस फिरकू दिली नाही. आता जावयाचं मन राखायला तो नातवंडांच्या ताटात तेच वाढायला निघाला होता, आणि आईनं विळी पुढं ओढली होती.

मी सगळे मासे घमेल्यात काढले, शेडमागं खड्डा घेतला आणि पुरले. कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून वर दगड रचले. ताई मागोमाग आली.

"तुला शिकवलं ते ह्यांचा अपमान करायला व्हय?"

"तुझ्या पोरांनी खाल्लं असतं, ताई."

"त्यांचं तोंड बघितलंस का? सकाळपास्नं चहा घेतला न्हाय त्यांनी."

तात्या दोनदा अंगणात जाऊन दाजींची समजूत काढून आले. दुपारी आईनं बादलीतल्या चार चिलापींचं कालवण केलं. तीन दाजींच्या ताटात गेल्या, एक पोरांत वाटली. बाकीच्यांना रस्सा.

दाजींनी काटे ताटाच्या कडेला नीट ओळीनं लावले. "आपल्या हातानं धरलेल्या माशाची चवच न्यारी," ते म्हणाले.

"व्हय तर," तात्या म्हणाले, आणि पाव्हण्यांना आणखी रस्सा वाढ म्हणून मला खुणावलं.

मी वाढला.