उषाबाईचा हॅलो

ब्याण्णव साली शेजारच्या उषाबाईकडं फोन आला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू?

त्याआधी ओढ्यापल्याडच्या वावरातला माणूस बोलवायचा, तर गाव माझ्याकडं यायचं. शाळेच्या टेकाडावर उभी राहून मी हाळी दिली की औत थांबायचं. शिक्षण माझं दुसरीपर्यंतचं, पण या एका कामात मला तोड नव्हती.

उषाबाई तशी गुणाची. नवऱ्याचं राजूरला दुकान, घरात ती एकटीच. रिंग वाजली की आधी डोक्यावरचा पदर सारखा करायची, मग असं गोड ‘हॅलो’ म्हणायची, जसा काही समोर कलेक्टरच उभा आहे. आल्यागेल्याला चहा. सगळं गाव तिच्या ओट्यावर, माझा ओटा रिकामा.

एकदा मी जगन्नाथ गुरुजींना म्हणाले, “काय ते हॅलो हॅलो! अर्थ तरी ठाव हाय का तिला?”

गुरुजी हसले. “आक्का, तो शब्द फोनच्या आधीचा. तिकडच्या मुलखात नदीपलीकडच्या नावाड्याला असंच ओरडून बोलवायचे, असं पुस्तकात आहे. म्हणजे तुमचीच हाळी की ती!”

मंग तर मी जास्तच जळाले. काम माझं आणि कौतुक तिचं!

एका दुपारी उषाबाई धापा टाकत आली. “आक्का, कडूबाच्या जावयाचा फोन आल्ता, जालन्याच्या दवाखान्यातून. त्याची पोरगी तारा बाळंतपणात अडलीय. दहा मिन्टांनी परत लावतो म्हणला. कडूबा पल्याड वखर हाकून राह्यला. जल्दी हाळी द्या!”

“का गं? तुझा हॅलो जाईना का तिथवर?”

“न्हाई जात. दोनदा वरडून आले. बैलानंबी मान वळवली न्हाई.”

मी टेकाड चढायला लागले. दोन वर्षांत कोणी हाळी मागितली नव्हती. आवाज उरला नसेल, तर मी तरी काय उरले?

पहिली हाळी फाटली. दुसरी लागली. कडूबानं वखर जागेवर सोडलं.

तो ओट्यावर चढला आणि रिंग वाजली. तारा सुटली होती, मुलगी झाली होती. उषाबाईनं साखर वाटली. पहिली चिमूट माझ्याच हातावर ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “आक्का होत्या म्हणून.”

गोड लागली साखर, न्हाई कशाला म्हणू? पण कडूबानं हात जोडले, ते तिच्या फोनला. ते काही अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.