कापायच्या टेबलावरचं देऊळ

गणपती विसर्जनानंतरचा पहिला रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर. स्थळ: म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातलं अण्णाचं घर, म्हणजे पुढे शिलाईचं दुकान आणि मागे दोन खोल्या. हजर: अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनी, त्यांची मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली, आणि मी, जयलक्ष्मीपुरमहून बसने आलेली, मांडीवर मोठं खोकं सांभाळत.

खोक्यात एकमेकांत बसवायचे प्लास्टिकचे ठोकळे होते. वर चित्र होतं जंगलातल्या पडक्या देवळाचं. मधोमध तुटलेल्या पायऱ्या, अर्धा उरलेला खांब, छपरावरून खाली उतरलेली झाडाची मुळं. दुकानदारानं विचारलं, किती वर्षांच्या मुलासाठी? मी म्हटलं, अठ्ठावन्न.

उन्हाळ्यात अण्णाला अर्धांगाचा झटका येऊन गेला. तोंड सरळ झालं, पाय चालता झाला, उजवा हात मात्र मागे राहिला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकत, पण त्यात जोर नव्हता. अण्णा कोट शिवतो, लांब, बंद गळ्याचे, दसऱ्याला आणि लग्नांत घालतात तसे. वहिनी ब्लाउज शिवतात, साड्यांना फॉल लावतात, पण कापायची कात्री अण्णाची. वडिलांच्या वेळेपासून या दुकानात कापणारा हात एकच असतो. तो बंद पडल्यावर शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यानं दुकान भाड्यानं मागितलं. अण्णानं त्याला सांगून ठेवलं होतं, दसऱ्याला बोलतो. म्हणजे दसऱ्यापर्यंत कात्री धरता आली तर दुकान राहणार, नाही तर जाणार. घरात हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी चिमटीची कामं सांगितली होती: चवळीचे दाणे उचला, बटणं एका डबीतून दुसरीत टाका. अण्णानं दोन दिवस केलं आणि सोडलं. आयुष्यभर बटणंच लावली, म्हणाला, आता खेळू पण त्यांच्याशीच? म्हणून हे खोकं.

मी येतानाच सगळं ठरवून आले होते. आधी रंगांप्रमाणे वाट्या, मग आकारांप्रमाणे, मग पुस्तिकेची पानं दिवसांवर वाटून घ्यायची आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी शेवटचं पान. वहिनींच्या स्टीलच्या सगळ्या वाट्या दुकानातल्या कापायच्या टेबलावर आल्या. त्यांनी विचारलं, "वन्सं, संध्याकाळी सार कशात वाढू?"

देऊळ पुरं झालं की बाहुल्यांच्या मांडणीत ठेवायचं, हेही मीच जाहीर केलं. आमच्याकडे घट बसतात आणि शेजारी, म्हैसूरच्या रिवाजाप्रमाणे, पायऱ्यांवर बाहुल्याही मांडतात. सगळ्यांत वर वहिनींना लग्नात मिळालेली लाकडी राजा-राणीची जोडी, अगदी खाली जमिनीवर नाचणी पेरून उगवलेलं जंगल. वहिनींना ते पटेना. भंगलेलं देऊळ घटाशेजारी कसं ठेवायचं? मी म्हटलं, आत मूर्तीच नाही, नुसते खांब आहेत. भाची म्हणाली, प्लास्टिक ते, एनू आगल्ला, त्यानं काही होत नाही. शेवटी वहिनींनी जंगलात, एका कोपऱ्यात, राजा-राणीची नजर पडणार नाही अशी जागा दिली.

अण्णानं पहिला ठोकळा उजव्या हातानं उचलला, दोनदा पाडला आणि तिसऱ्यांदा तळव्यानं दाबून बसवला. टक्कन आवाज झाला. आम्ही तिघी काहीतरी दुसरंच बघत होतो.

त्यानंतर माझं कामात लक्ष लागेना. जेवणाच्या सुटीत मी ऑफिसातून भाचीला फोन करायची, कुठलं पान झालं? ती म्हणायची, "बारा, आत्या. काल पण बाराच होतं." संध्याकाळी सुटल्यावर घरी जाण्याऐवजी मी उलट दिशेची बस पकडायची. तिथे पोचले की बसून राहणं जमायचं नाही. वाट्या पुन्हा लावायच्या, टेबल पुसायचं, पंखा कमी-जास्त करायचा. वहिनी म्हणायच्या, तुम्ही आलात की पाहुणे आल्यासारखं वाटत नाही, तपासणी आल्यासारखं वाटतं.

आठवड्याभरात देऊळ उभं राहिलं, पण ते पडकं होईना. चित्रात पायऱ्या खालच्या बाजूला तुटलेल्या होत्या, आमच्या सलग होत्या. चित्रातला डावा खांब कमरेपर्यंत होता, आमचा छपराला भिडला होता. मुळांचे तपकिरी तुकडे वाटीत तसेच होते. मी विचारलं, हे काय?

"बरं दिसतंय की," अण्णा म्हणाला.

"पडकं करायचंय अण्णा."

"कच्ची कड ठेवून या दुकानातून कधी काही बाहेर गेलंय?"

आम्ही खूप हसलो. शिंप्याला पडकं देऊळ दिलं तर तो ते शिवून परत करणार, असं भाची म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातही हे सगळ्यांना सांगितलं.

महालय अमावास्येला सुटी होती. सकाळी पितरांचं झालं, पानं वाढली, जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी घट. मी पुस्तिका अण्णासमोर ठेवली आणि काय काय राहिलं ते वाचून दाखवलं. खालच्या तीन पायऱ्या काढायच्या, खांबाचा वरचा भाग काढायचा, मुळं लावायची. तासाभराचं काम. अण्णा म्हणाला, राहू दे, आहे ते चांगलं आहे. मी म्हटलं, मग चित्र कशाला दिलंय? आतून वहिनी म्हणाल्या, वन्सं, राहू द्या ना सुम्ने, उगाच कशाला. मला थांबता येईना. मी देऊळ दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि म्हटलं, मी धरते, तू ओढ.

अण्णानं अंगठा आणि बोट पायरीच्या ठोकळ्यावर ठेवलं. नखं पांढरी झाली. ठोकळा हलला नाही, बोटं घसरली. त्यानं परत धरलं, परत घसरली. मग डावा हात पुढे येऊ लागला, तो त्यानं मांडीखाली दाबला आणि उजव्यानं तिसऱ्यांदा धरलं. तेव्हाही घसरली, तशी मी देवळावरचे हात काढले.

"जोडता येतं गं," अण्णा म्हणाला. "तळव्यानं दाबलं की बसतो. चुकलेला काढता येत नाही. म्हणून बसला तसा ठेवत गेलो."

तोच पुढे म्हणाला, कोटाची बाही एका बैठकीत कधी बसली नाही माझी. उसवायची, परत लावायची, परत उसवायची. उसवायला चिमटीत जोर लागतो. तो नसेल तर लोकांच्या कापडाला हात लावून काय करू?

वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या होत्या. त्यांना माहीत होतं. रोज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं त्याच लावत होत्या.

माझ्या डोक्यात एका मिनिटात चार उपाय आले. खोक्यात ठोकळे सुटे करायची एक चपटी पट्टी होती, ती मी काढली. अण्णानं मान हलवली. "त्यानं काढल्यावर माझा हात काय करणार?" मी ती परत खोक्यात टाकली आणि लाडू वळायला वहिनींना मदत लागेल म्हणून आत गेले. लाडू नव्हतेच करायचे.

दुसऱ्या दिवशी घट बसले. नाचणीच्या जंगलात देऊळ धडधाकट उभं राहिलं. वहिनींना ते आवडलं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण दुसऱ्या माळेला त्यांनी ते कोपऱ्यातून पुढे आणलं. हळदीकुंकवाला आलेल्या शेजारणीनं जीर्णोद्धार कुणी केला म्हणून विचारलं. बाहेर बसलेला अण्णा हसला. मला हसू आलं नाही. मी रोज येत होते आणि रोज त्याच्या हाताकडे बघत होते, जसं काही नऊ दिवसांत त्याला अंकुर फुटणार होते.

खंडेनवमीला मशीन आणि कात्रीची पूजा झाली. दसऱ्याला सकाळीच मोबाइलवाला आला. चांगला माणूस, पेढे घेऊन आला होता. अण्णानं त्याला बसवलं आणि सरळ सांगितलं, दुकान देत नाही, कापायला ही शिकतेय.

"मला कधी विचारलं?" वहिनी म्हणाल्या.

"आता विचारतोय."

"या माणसासमोर?"

"तो गेल्यावर तू नाही म्हणशील."

मोबाइलवाला आपल्याच फोनमध्ये काहीतरी शोधू लागला. मी तोंड उघडलं, तर भाचीनं माझ्या पायावर पाय दिला.

"ब्लाउज आणि पोरींचे ड्रेस," वहिनी शेवटी म्हणाल्या. "कोटांना मी हात लावणार नाही. कोट तुमचे."

त्याच दुपारी, मुहूर्त म्हणून, अस्तराचा तुकडा टेबलावर पसरला. अण्णानं डाव्या हातानं खडूची रेघ मारली. वहिनी वाकून बघत राहिल्या. ही रेघ आहे की कावेरी, त्यांनी विचारलं, आणि कात्री उचलली. पहिला काप वाकडा गेला. अण्णानं नुसती परत रेघ मारली.

दुकान चालू आहे. कोटाचं विचारायला येणाऱ्यांना सध्या नाही असं सांगतात. एच. डी. कोटे या तालुक्याच्या गावाहून दरवर्षी येणारे एक वकील ऐकायलाच तयार नव्हते. कापड ठेवून गेले, घाई नाही म्हणाले. ते कपाटात आहे.

बाहुल्या कागदात गुंडाळून पेटीत गेल्या. देऊळ तेवढं परत कापायच्या टेबलावर आलं. वहिनींना टेबल रिकामं हवं असतं, तरी त्या ते नुसतं सरकवून काम करतात. संध्याकाळी व्यायाम झाला की अण्णा देऊळ जवळ ओढतो आणि डावा हात मांडीखाली घालून बसतो. दिवाळीनंतर खांबाचा सगळ्यांत वरचा ठोकळा निघाला. तो मुळातच सैल असावा, असा मला संशय आहे. वहिनी म्हणतात, तसं नव्हतं.

मी आता रविवारीच जाते. वहिनींनीच तसं सांगितलंय. खालच्या तीन पायऱ्या अजून निघालेल्या नाहीत.