त्याच्या टिपा

गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आम्ही तिघं मिळून एका दवाखान्यासाठी कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहीत होतो. तिघांच्या तीन तऱ्हा. ओळ सुरू करताना मी चार जागा सोडायची, दुसरा दोन, आणि एकलहऱ्याहून येणारा तिसरा लहर येईल तेवढ्या. वर तो ओळींच्या मध्ये टिपा लिहायचा. टिपा मशीन वाचत नाही. त्या पुढे काम करणाऱ्या माणसासाठी असतात. त्याच्या टिपा मराठीत, इंग्रजी अक्षरांत: 'इथे हात लावू नका, माझे दोन दिवस गेलेत.' किंवा, 'मॅडम, रागावण्याआधी चहा घ्या.'

मॅडम म्हणजे मी. वयाने दोन वर्षांनी मोठी आणि नियमांची भारी हौस. एका शनिवारी मी नियम लिहूनच काढले. ओळी सगळ्यांच्या सारख्या, टिपा इंग्रजीत आणि कामापुरत्या, कुणी काय लिहिलं हे ओळखू येता कामा नये.

"मॅडम, पाची बोटं सारखी नसतात," तो म्हणाला.

"बोटं राहू देत. ओळी सारख्या कर."

तिघांनी सह्या केल्या. जुन्या टिपा काढायला तो टाळाटाळ करू लागला, तेव्हा मीच बसून एकूण एक पुसल्या. शेकड्याने होत्या. पुसताना हसू येत होतं, तरी पुसल्या.

पुढच्या वर्षी नाशिकरोडहून येताना त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली.

तेराव्यानंतर त्याचे वडील ऑफिसात आले. वीज केंद्रात जन्म काढलेला, कमी बोलणारा माणूस. चहा नको म्हणाले. "पोरगं इथं काय करायचं, तेवढं दाखवा."

मी मशीन सुरू केलं. ते चष्मा लावून वाकले.

"ह्यातलं त्याचं कुठलं हाय?"

मी ओळी वर-खाली करत राहिले. खरंच कळेना. नियम फार चोख पाळले होते आम्ही. ते वाट बघत होते, म्हणून मी समोर आलेल्या ओळींवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे." त्यांनी ते छापून मागितलं आणि घडी न घालता नेलं.

वर्षश्राद्धाला एकलहऱ्याला गेले. भिंतीवर त्याचा फोटो आणि खाली फ्रेममध्ये तो कागद, दोघांनाही हार. जवळ जाऊन वाचलं. रुग्ण घरी गेला की त्याची खाट रिकामी दाखवायची, तो भाग. तो सुरुवातीपासून मी एकटीने लिहिला होता.

त्याची आई शेजारी येऊन उभी राहिली. "मॅडम, काय लिहिलंय हो त्यानं? ह्यांना इंग्रजी वाचता येत नाय, मला तर नायच."

मला खरं सांगायची लाज वाटली. मी काचेवर बोट ठेवलं आणि वाचल्यासारखं केलं, "'मॅडम, रागावण्याआधी चहा घ्या.'"

ती हसली. "असाच बोलायचा. अजून वाचा."

"'इथे हात लावू नका, माझे दोन दिवस गेलेत.'"

"आणि पुढं?"

पुढं मला काहीच आठवेना.